हूक कापल्यानंतर

हूक कापून घेतल्यापासून गाडी हलकी चालते आहे, असे अमरदीपला वाटू लागले होते. मागे ट्रॉली जोडलेली नसताना हूक असला काय आणि नसला काय, इंजिनाला त्याचा काहीच फरक पडत नाही, हे त्यालाही कळत होते. तरीही कार्यालयात जाताना क्लचवरचा पाय सैल पडे, गिअर अलगद बदले, आणि रेल्वे फाटक ओलांडून गेल्यावर आपण मजेत गाडी चालवतो आहोत हे लक्षात येऊन त्याला ओशाळल्यासारखे होई.

गाडी वडिलांची होती. बाबाराव जैनथकडच्या मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी घरावर मजला चढवला नाही. त्यांनी ही उंच, दणकट, डिझेलवर चालणारी गाडी घेतली. वस्तीत सगळे तिला जीपच म्हणत. घरी आणल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तिच्या मागच्या चासीला लोखंडी हूक बसवून घेतला. कारण त्याच वर्षी समाजाने वर्गणी करून दोन चाकांची निळी ट्रॉली बनवली होती. भात शिजवायचे मोठे गंज, वरणाच्या बादल्या, झारे, पराती, सतरंज्या आणि एक ताडपत्री, एवढा संसार त्या ट्रॉलीत असे. आदिलाबादच्या वस्तीपासून भीमपूरच्या टोकाच्या खेड्यांपर्यंत कोणाकडे लग्न असो, नामकरण असो की जलदानविधी असो, आदल्या दिवशी ट्रॉली दारात जाऊन उभी राही. भाडे घ्यायचे नाही, हा बाबारावांचा नियम होता. ज्याचे कार्य त्याने गाडीत डिझेल टाकायचे, आणि भांडी घासूनपुसून चंपाबाईंच्या ताब्यात द्यायची.

चंपाबाई नात्याने कोणी नव्हत्या, पण बाबारावांना त्या भाऊ म्हणत आणि म्हणून अमरदीप त्यांना आत्या म्हणे. तरुणपणी त्यांनी जैनथच्या शेतांत कापूस वेचला होता. नव्या बायका भांड्यांची आदळआपट करू लागल्या की त्या एकच गोष्ट सांगत. त्यांच्या लग्नात गावातली भांडी त्यांच्या बापाला कोणी दिली नव्हती. वरण मातीच्या मडक्यांत शिजले आणि वऱ्हाडी पानावर जेवून गेले. "म्हून हे गंज नीट धरा," त्या म्हणत. "हे फुकट नाई आले."

बाबाराव गेले, गाडी अमरदीपच्या नावावर झाली आणि तिच्यामागे ट्रॉलीही आली. तो सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहायक होता. आठवडाभर फायली आणि रविवारी ट्रॉली, असा त्याचा क्रम लागला. ओझे ओढणाऱ्या गाडीचे दुखणे निराळे असते. मागचे स्प्रिंगचे पाटे बसत चालले होते. काळ्या मातीच्या चढावर ट्रॉली मागे खेचू लागली की क्लच प्लेट जळाल्याचा वास आत शिरे आणि मागच्या सीटवरच्या बायका नाकाला पदर लावत. उतारावर तीच ट्रॉली मागून ढकलू लागे. एका हंगामात ब्रेकचे लायनर दोनदा बदलावे लागले. ट्रॉलीसह गाडी मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावे लागते. ते वडिलांना सहज जमे, अमरदीपला मात्र घाम फुटे आणि भोवती उभी असलेली माणसे एकाच वेळी सगळ्या दिशांना हात दाखवत.

"सरळ नाई म्हना नं," अर्पिता, त्याची बायको, त्याला म्हणे. "तोंड हाय तुमाले. पोरीले या वर्षी एक तलावबी नाई दाखवला आपन."

"बाबांचं हाय ते. नाई कसं म्हनू?"

"मंग कुरकुर नका करू."

तो कुरकुर करत राहिला आणि नाही म्हणाला नाही. एका शनिवारी क्लच प्लेट पुन्हा बदलून गाडी गॅरेजमधून बाहेर काढली, तेव्हा शेजारच्या वेल्डरकडे निळ्या ठिणग्या उडत होत्या. काही ठरवून तो तिकडे वळला नव्हता, असे त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितले. हूक कापला गेला. कापलेली जागा घासून तिला काळा रंगही लावून झाला. घरी पोहोचेपर्यंत वस्तीत सांगायची गोष्ट तयार होती. बायपासवर पोलिसांनी अडवले. हा हूक चालत नाही, काढा, नाही तर गाडी जप्त करू, म्हणाले.

चंपाबाईंना त्याने हे सांगितले तेव्हा त्या त्यांच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

"मारलं-बिरलं तं नाई नं तुले?"

"नाई आत्या."

"चार लोकाईत बोलले असतीन."

"बोलले थोडे."

"आमच्यापायी," चंपाबाई म्हणाल्या. "आमच्या गंजापायी तुले आयकून घ्या लागलं, बाबू."

कुठे अडवले, कोण होता, असे काही त्या विचारतील याची तयारी त्याने केली होती. या उत्तराची तयारी त्याच्याकडे नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी जैनथच्या बाजूला एक नामकरण होते. सकाळी अमरदीप गाडी घेऊन दूध आणायला निघाला, तर बसस्थानकासमोर चंपाबाई आणि वस्तीतल्या तिघीचौघी गंज मध्ये ठेवून उभ्या होत्या. बसमध्ये बायकांना तिकीट लागत नव्हते. भांड्यांना लागते की नाही, यावरून कंडक्टरशी वाद चालला होता.

"भांडे काय खिडकीपाशी बसून राह्यले का?" एक बाई विचारत होती. "खालीच ठेवतो नं!"

कंडक्टर तेलुगूत सांगत होता की खाली ठेवले तर माणसे कुठे उभी राहतील. अमरदीपने गाडी थांबवली. सतरंज्या, बादल्या, पराती मागे भरल्या. मोठा गंज दारातून आत जाईना. त्याने तो आडवा केला, उभा केला, सीट पुढे सरकवली.

"राहू दे," चंपाबाईंनी त्याचा हात धरला. "सीटा फाटतीन तुह्या. पोलिसानं पुन्हा अडवलं तं?"

गंज बसमध्येच गेला. दोघी बायका त्याला दोन बाजूंनी मांडीचा टेकू देऊन बसल्या होत्या. बस वळली तेव्हा त्यांतली एक त्याच्याकडे पाहून हसली आणि तिने गंजावर ताशा वाजवल्यासारखी बोटे वाजवून दाखवली. त्यालाही हसावे लागले.

एवढ्यावर हे थांबले असते तर कदाचित त्याने ते पचवले असते. पण एका सकाळी नागेश दारात आला. नागेश जैनथकडचा भाजीवाला शेतकरी. त्याच्याकडे जुनी, तिसऱ्या हाताची जीप होती आणि तिला जोडलेल्या छोट्या ट्रॉलीतून तो वांगी, भेंडी, मेथी आदिलाबादच्या बाजारात आणत असे. बाबारावांनी त्याला शाळेत शिकवले होते. आज त्याच्या हातात वांग्यांची पिशवी होती, वर दव तसेच होते.

"सर, घ्या. लई उपकार झाले तुमचे."

"माझे? कायचे?"

"चंपामायनं बाजारात सांगतलं नं. तुमाले अडवलं म्हून. तुमच्यासारख्या ऑफिसातल्या मानसाले सोडलं नाई, तं मले काय सोडतीन? त्याच दिवशी मीबी हूक कापला. गाडी जप्त झाली असती तं मेलो असतो मी."

अमरदीपच्या हातात पिशवी तशीच राहिली. "आणि ट्रॉली?"

"ठेवून काय करू? पैनगंगेच्या पल्याड एकानं मांगतली, इकून टाकली. आता ऑटोनं आनतो माल. ऑटोवाला अर्धा जीव घेते, पन ठीक हाय. कायदा तं कायदा."

"नागेश, तू कोणाला विचारायचंस तरी."

"तुमी सांगतल्यावर कोनाले इचारू?" नागेश हसला. त्याच्या हसण्यात कसलीही शंका नव्हती.

अर्पिताने त्या वांग्यांची भाजी केली. ताटात ती पडली तेव्हा अमरदीप म्हणाला की भूक नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली. हूक का कापला ते तिला ठाऊक होते; तो वेल्डरकडून आला त्याच दिवशी त्याने तिला खरे सांगितले होते आणि तिने हात जोडून म्हटले होते, तुमचं तुमी निस्तरा. आता त्याने नागेशचे सांगितले, तेव्हा तिने स्वतःच्या ताटातला घास खाली ठेवला.

"त्यानं ट्रॉली इकली?"

"हो."

"अन तुमी वांगे घेतले?"

तिने दोन्ही ताटे उचलली आणि आत गेली. मुलीने विचारले, आपण जेवायचे नाही का? तेव्हा तिने मुलीला वरणभात कालवून दिला आणि त्याच्याशी त्या दिवशी ती बोलली नाही.

त्याच आठवड्यात भीमपूरच्या एका खेड्यात चंपाबाईंची नणंद वारली. जलदानविधी पुढच्या रविवारी ठरला. चंपाबाई सोमवारी सकाळीच पांढरे, इस्त्रीचे लुगडे नेसून अमरदीपच्या दारात उभ्या राहिल्या. सोबत नागेश होता.

"चाल," त्या म्हणाल्या. "गाडीच्या ऑफिसात जाऊ. कायद्यानं बंद केलं तं कायद्यालेच इचारू. मालाचा मोठा ट्रक नाई, भांडे हायेत म्हना. मयताचे, लग्नाचे भांडे. परवानगी द्या म्हना."

"आत्या, असं नसतं तिथं. मी चौकशी करून येतो, तुमी कायले—"

"तू एकलाच जाशीन तं तुले उडवून लावतीन. तिघं गेलो तं आयकतीन. बाबासाहेबानं सांगतलं नाई का, मांगाचं तं संघटित होऊन मांगा?"

"अन माह्याबी हुकाचं इचारू," नागेश म्हणाला. "परवानगी भेटली तं दुसरी ट्रॉली करन मी."

अमरदीपने आत अर्पिताकडे पाहिले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काही सुचवले नाही आणि अडवलेही नाही.

चंपाबाई नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर बसल्या, नागेश मागे. रस्ताभर त्या दोघांची रंगीत तालीम चालली होती. साहेब मोठा असला तर सलाम कसा करायचा, बाई असली तर मॅडम म्हणायचे की अम्मा म्हणायचे. अमरदीप समोर पाहून गाडी चालवत होता. खरे सांगायला पुरेल एवढा रस्ता होता. तो संपला.

परिवहन कार्यालयाच्या दारातल्या शिपायाने गर्दीकडे बोट दाखवून एकालाच आत सोडले जाईल असे सांगितले. कोणी जायचे याबद्दल चर्चा झालीच नाही. नागेशने अमरदीपच्या शर्टाची कॉलर मागून नीट केली. चंपाबाई म्हणाल्या, "घाबरू नको. आमी हावो भाईर."

आत रांगेत उभा असताना त्याने ठरवले होते की थोडा वेळ काढायचा, बाहेर यायचे आणि सांगायचे की चौकशी चालू आहे, वेळ लागेल. पण रांग सरकली आणि खिडकीपलीकडच्या तरुण कारकुनाने मान वर केली, तेव्हा तो तेलुगूत बोलू लागला. गाडीला हूक लावून भांड्यांची ट्रॉली ओढतो, त्यावरून पोलिसांनी अडवले, आता परवानगी हवी आहे. बोलताना त्याच्या मनात एक विचित्र आशा उभी राहिली. हा माणूस म्हणेल, बरोबर आहे, असा हूक चालतच नाही. तसे तो म्हणाला असता तर खोटे आपोआप खरे झाले असते.

"चलान उंदा, सार?" कारकुनाने विचारले.

चलान नव्हते.

"कोणत्या ठाण्याच्या माणसाने अडवले? नाव? काही कागद दिला?"

अमरदीपने नकारार्थी मान हलवली.

कारकून सौम्यपणे म्हणाला, "सार, तुम्हीपण ऑफिसातलेच. कोणी अडवल्याचा काही पुरावाच नाही, तर मी तुमचं काम काय समजू?"

"मला कोणी अडवलं नाही," अमरदीप म्हणाला.

ते तेलुगूत आणि अनोळखी माणसाला सांगायला किती सोपे गेले, याचे त्यालाच नवल वाटले. कारकुनाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, चष्मा वर सरकवला आणि मागच्या माणसाचे कागद घेण्यासाठी हात पुढे केला.

बाहेर पत्र्याच्या सावलीत चंपाबाई पायरीवर बसल्या होत्या. नागेशने तिघांसाठी चहा आणून ठेवला होता. अमरदीपच्या ग्लासावर कागद झाकलेला होता.

"काय म्हने?" चंपाबाई उठू लागल्या.

"आत्या, मले कोनी अडवलं नोतं."

"असं म्हनते तो?" त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "खोटारडा! करतीन अन मंग अंग झटकतीन. तू नाई म्हनला का त्याले, माह्यासंगं झालं म्हून? चाल, मी येतो आत."

"तो नाई म्हनत. मी म्हनून राह्यलो." त्याने त्यांचा दंड धरला. "पोलीस-बिलीस कोनी नोतं. हूक मीच कापला. ट्रॉली ओढाचा कंटाळा आल्ता मले. तुमाले नाई म्हनता येत नोतं, म्हून खोटं बोललो."

चंपाबाई पुन्हा खाली बसल्या. हातातला ग्लास त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून ठेवला होता. पहिल्यांदा बोलला तो नागेश.

"म्हंजे हूक कापाची गरज नोती?"

"नाई."

"माही ट्रॉली गेली नं, सर."

"मी परत आनून देतो. मी येतो त्या मानसाकडं, त्याले सांगतो."

"तो काऊन देईन? त्यानं रंग देल्ला तिले. खालचा पत्राबी बदलून टाकला." नागेशचा आवाज चढला नाही. अमरदीपला वाटले, चढला असता तर बरे झाले असते. "मी तुमाले वांगे देल्ले," तो म्हणाला. चहाचा ग्लास त्याने पायरीच्या कडेला ठेवला आणि फाटकातून बाहेर पडून तो बसस्थानकाच्या दिशेने चालू लागला.

अमरदीप त्याच्यामागे दोन पावले गेला आणि थांबला. चंपाबाई तिथेच बसून होत्या.

"सांगतलं काऊन नाई?" त्या म्हणाल्या. "थकलो म्हून सांगाचं."

"सांगतलं असतं तं सोडलं असतं तुमी मले?"

त्यांनी विचार केला. खरोखरच विचार केला.

"नसतं सोडलं," त्या म्हणाल्या. "शिव्या देल्ल्या असत्या. बाबारावाचं नाव काढून तुह्या दारात रडली असती. पन भांडता तं आलं असतं मले तुह्यासंगं. तू तं मले तुह्यी काळजी कराले लावली. रोज बुद्धाफुडं बसून म्हनत होती मी, पोराले माह्यापायी तरास झाला."

गाडीपाशी आल्यावर त्यांनी पुढचे दार उघडले नाही. मागचे दार उघडून, पायदानावर पाय देऊन, दांडीला धरून त्या एकट्याच वर चढल्या. अमरदीपने हात पुढे केला होता. तो त्यांना दिसला नाही किंवा त्यांनी पाहिला नाही. रस्त्याने तो आरशातून त्यांच्याकडे पाहू शकत होता, पण त्याने पाहिले नाही.

"मी आजच हूक लावून घेतो," तो म्हणाला. "रविवारी ट्रॉली मी नेतो."

"नको."

"मंग एवढे भांडे कसे जातीन?"

"बसनं. कंडक्टरसंगं भांडू अन जाऊ."

वस्तीच्या तोंडाशी गाडी थांबली. चंपाबाई उतरल्या, लुगडे सारखे केले आणि दार लावण्यापूर्वी आत वाकल्या.

"जेवाले ये रविवारी. अर्पिताले अन पोरीलेबी आन. गाडी नको आनू." त्या थोडे थांबल्या. "अन नागेशचं मले काई इचारू नको. माह्यं मी पाह्यन. त्याचं त्याले इचार."

दार बंद झाले. त्या गल्लीत वळेपर्यंत अमरदीप थांबला. समोरच्या वळणावर घर होते. कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ती अजून शिल्लक होती. त्याने गाडी मागे वळवली.

जैनथची बस फलाटावर लागलेली होती. गाडी स्थानकाबाहेर लावून तो आत गेला. खिडकीशी नागेश बसला होता. पायांशी बाजारातून परत घेतलेल्या रिकाम्या टोपल्या एकात एक घातलेल्या होत्या, आणि शेजारची जागा मोकळी होती. अमरदीप तिथे बसला नाही. तो मागच्या बाकावर बसला. नागेशने त्याला पाहिले होते हे उघड होते, कारण त्याची मान एकदम ताठ झाली. बस सुटली, बाजार मागे पडला, कापसाची शेते लागली.

कंडक्टर आला. "एक्कडिकि, सार?"

कुठले तिकीट घ्यायचे, हे अमरदीपला माहीत नव्हते. ज्याच्याकडे ट्रॉली गेली त्या माणसाचे नाव त्याला ठाऊक नव्हते, गावही नाही. तो नोट हातात धरून बसून राहिला. कंडक्टरने पुन्हा विचारले आणि आजूबाजूचे दोघेतिघे वळून पाहू लागले.

"जैनथ द्या त्याहिले," नागेश खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "तिथून पुढचं मी सांगन."